सेरियम नायट्रेट: गॅसबत्तीपासून भाजलेल्या जखमेपर्यंत पोहोचलेला हा 'रेअर अर्थ' क्षार नेमका आहे तरी काय?

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला आणि एरवी फक्त रसायनशास्त्राच्या पुस्तकात भेटणारी नावं अचानक बातम्यांमध्ये झळकू लागली. डिस्प्रोसियम, टर्बियम, समेरियम. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारीत लागणारे चुंबक मिळेनात म्हणून जगभरातले वाहन उद्योग हवालदिल झाले.

त्या सातांच्या यादीत एक नाव नव्हतं, ते म्हणजे सेरियम. खरं तर रेअर अर्थच्या कुटुंबातलं हे सगळ्यात मुबलक मूलद्रव्य. त्यामुळे त्याची बातमी होत नाही. पण लग्नाच्या वरातीतली गॅसबत्ती, गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बारावीच्या प्रयोगशाळेतली नारिंगी बाटली आणि युरोपातल्या काही बर्न्स वॉर्डमधलं मलम या सगळ्यांत ते आहे. आणि यातल्या बहुतेक ठिकाणी ते एकाच रूपातून पोहोचतं: नायट्रेट.

सेरियम नायट्रेट म्हणजे काय, ते कशाच्या कामी येतं आणि भारताशी त्याचा संबंध कसा आहे, ते समजून घेऊ.

थोडक्यात ओळख

- काय आहे: सेरियम धातूचा नायट्रिक आम्लापासून तयार होणारा क्षार.
- दिसतो कसा: रंगहीन किंवा पांढरे स्फटिक. हवेतली ओल पटकन शोषून घेतात.
- रचना: सेरियमच्या एका आयनामागे तीन नायट्रेट आणि बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या स्वरूपात पाण्याचे सहा रेणू.
- पाण्यात: अगदी सहज विरघळतो.
- तापवल्यावर: आधी पाणी निघून जातं, मग नायट्रेट तुटतं आणि मागे फिकट पिवळी सेरियम ऑक्साइडची पूड उरते.
- मुख्य उपयोग: ऑक्साइडचे थर आणि बारीक पूड तयार करणं, उत्प्रेरक, गॅसबत्तीचं मेंटल, भाजलेल्या जखमांवरचं मलम, धातू गंजू नये म्हणून प्रक्रिया.

'दुर्मीळ' आहे का?

नाही. रेअर अर्थ म्हणजे दुर्मीळ मृदा, हे नाव चांगलंच फसवं आहे. या गटात १७ मूलद्रव्यं येतात: १५ लँथनाइड्स आणि त्यांच्यासोबत स्कँडियम व इट्रियम. जुन्या काळचे रसायनशास्त्रज्ञ पाण्यात न विरघळणाऱ्या आणि तापवूनही सहज न वितळणाऱ्या ऑक्साइडला 'मृदा' म्हणत. हे ऑक्साइड त्या वेळी मोजक्याच खनिजांमध्ये सापडले होते, म्हणून 'दुर्मीळ'. नाव चिकटलं ते चिकटलंच.

प्रत्यक्षात पृथ्वीच्या कवचात दर टनामागे साधारण ६० ग्रॅम सेरियम आहे. म्हणजे जवळपास तांब्याइतकं आणि शिशापेक्षा कितीतरी जास्त. अडचण प्रमाणाची नाही, वेगळं करण्याची आहे. ही मूलद्रव्यं एकाच खनिजात एकमेकांत मिसळून राहतात आणि त्यांचे रासायनिक गुण इतके सारखे असतात की एकाला दुसऱ्यापासून सोडवताना घाम फुटतो.

मग नायट्रेटच का?

सेरियमचा ऑक्साइड हा हट्टी पदार्थ आहे. तो पाण्यात विरघळत नाही आणि २,००० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. पण उद्योगाला तर तोच हवा असतो, आणि तोही अवघड जागी: कापडाच्या धाग्यावर, सिरॅमिकच्या बारीक छिद्रांत, धातूच्या पृष्ठभागावर. दगडासारखा पदार्थ तिथे पोहोचवायचा कसा?

इथे नायट्रेट कामाला येतं. ते पाण्यात विरघळतं, म्हणजे द्रावण जिथे झिरपेल तिथे सेरियमही जातं. मग वस्तू तापवायची. पाणी उडतं, नायट्रेट तुटून नायट्रोजनच्या ऑक्साइडचे तपकिरी वायू बनून निघून जातं आणि सेरियम ऑक्साइड जिथल्या तिथे बसतो. क्लोराइड वापरलं तर क्लोरिन मागे राहून त्रास देऊ शकतं, सल्फेट असेल तर ते तोडायला फार जास्त उष्णता लागते. नायट्रेट तुलनेने कमी तापमानाला तुटतं आणि मागे घाण ठेवत नाही.

साधा हिशोब असा: १०० ग्रॅम स्फटिक पूर्ण भाजले तर सुमारे ४० ग्रॅम सेरियम ऑक्साइड उरतो. बाकीचं सगळं पाणी आणि वायू बनून जातं. थोडक्यात, नायट्रेट हे सेरियमचं वाहन आहे. प्रवाशाला मुक्कामी उतरवायचं आणि आपण निघून जायचं.

याच गुणाचा एक भारतीय उपयोगही आहे. १९८० च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. सी. पाटील यांच्या गटाने एक पद्धत विकसित केली. धातूच्या नायट्रेटच्या द्रावणात युरियासारखं इंधन मिसळायचं आणि गरम भट्टीत ठेवायचं. नायट्रेट ऑक्सिजन पुरवतं, इंधन जळतं आणि काही मिनिटांत फेसासारखी, अतिशय बारीक ऑक्साइडची पूड तयार होते. सेरियमचा बारीक ऑक्साइड बनवण्यासाठी ही पद्धत आज जगभरातल्या प्रयोगशाळांत वापरली जाते.

तीन की चार? सेरियमचा खास स्वभाव

बहुतेक रेअर अर्थ मूलद्रव्यं संयुगं बनवताना तीन इलेक्ट्रॉन देतात आणि तिथेच थांबतात. सेरियम मात्र चौथाही देऊ शकतं. कारण तीन दिल्यावर त्याच्याकडे बाहेरच्या बाजूला एकच इलेक्ट्रॉन उरतो. तोही दिला की त्याची रचना झेनॉन या स्थिर वायूसारखी होते. म्हणून सेरियमला दोन अवस्था परवडतात: अधिक तीन आणि अधिक चार.

पांढऱ्या सेरियम नायट्रेटमध्ये सेरियम अधिक तीन अवस्थेत असतं. तापवून ऑक्साइड झाला की ते अधिक चारमध्ये जातं. परिस्थिती बदलली की ते परत तीनवर येऊ शकतं. हा एका इलेक्ट्रॉनचा देवघेवीचा व्यवहार सेरियमच्या अनेक उपयोगांच्या मुळाशी आहे. त्याला सोबतच्या भावंडांपासून वेगळं करणंही यामुळेच सोपं जातं: सेरियमला चारवर नेलं की ते इतरांसारखं वागणं सोडतं आणि गाळून बाजूला काढता येतं.

नायट्रेटच्या भांड्यात सापडलेली मूलद्रव्यं

सेरियमचा शोध १८०३ चा. स्वीडनमध्ये यॉन्स याकोब बर्झेलियस आणि विल्हेल्म हिसिंगर यांनी आणि त्याच वर्षी जर्मनीत मार्टिन हाइनरिश क्लाप्रोट यांनी ते स्वतंत्रपणे ओळखलं. दोन वर्षं आधी, १८०१ मध्ये, सेरेस हा लघुग्रह सापडला होता. त्यावरून नाव पडलं सेरियम.

पण ज्याला सगळे सेरियमचा शुद्ध ऑक्साइड समजत होते तो शुद्ध नव्हताच. बर्झेलियस यांचे सहकारी कार्ल गुस्ताफ मोसांडर यांनी १८३९ मध्ये सेरियम नायट्रेट तापवलं आणि उरलेल्या पुडीवर पातळ नायट्रिक आम्ल टाकलं. सेरियमचा ऑक्साइड तसाच राहिला, पण काहीतरी विरघळून वेगळं झालं. ते नवं मूलद्रव्य होतं. इतकी वर्षं लपून बसलं होतं म्हणून ग्रीक भाषेतल्या 'लपून राहणं' या शब्दावरून त्याचं नाव ठेवलं लँथनम. पुढे त्यांना त्यातच आणखी एक पदार्थ सापडला, डिडिमियम, म्हणजे जुळं.

डिडिमियमही एकच नव्हतं. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी त्याचे अमोनियमसोबतचे नायट्रेट क्षार बनवले आणि ते पुन्हा पुन्हा विरघळवून, पुन्हा पुन्हा स्फटिक करून त्याचे दोन भाग केले. एकाचे क्षार हिरवे, दुसऱ्याचे गुलाबी-जांभळे. हिरवा तो प्रासिओडिमियम, दुसरा निओडिमियम. आज इअरफोनपासून इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारीपर्यंत सगळीकडे ज्या शक्तिशाली चुंबकांची चर्चा असते, त्यातलं निओडिमियम पहिल्यांदा वेगळं झालं ते असं, नायट्रेटच्या स्फटिकांमधून.

गॅसबत्तीचं मेंटल: कापड जळतं, उजेड उरतो

याच वेल्सबाख यांनी नायट्रेटचा आणखी एक उपयोग शोधला, ज्याने अर्ध्या जगाच्या रात्री उजळल्या. सुती कापडाची छोटी पिशवी रेअर अर्थच्या नायट्रेटच्या द्रावणात भिजवायची, वाळवायची आणि ज्योतीवर धरायची. कापड जळून जातं. नायट्रेटचा ऑक्साइड होतो आणि कापडाच्या विणीचा तसाच्या तसा पांढरा सांगाडा उरतो. ज्योतीत तो सांगाडा तापून झगमगतो.

१८८५ च्या त्यांच्या पहिल्या मेंटलचा उजेड हिरवट होता आणि तो सांगाडा फार ठिसूळ होता. लोकांना तो आवडला नाही, धंदा बुडाला. १८९१ मध्ये त्यांना योग्य कृती सापडली: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि फक्त १ टक्का सेरियम ऑक्साइड. नुसतं थोरियम मंद उजेड देतं. सेरियम जास्त झालं तर सांगाडा उष्णता बाहेर टाकून स्वतःच थंड पडतो. पण एक टक्का सेरियमने शुभ्र, झगझगीत प्रकाश मिळतो. स्वयंपाकात मिठाचं जे स्थान, तेच इथे सेरियमचं. चिमूटभर हवं, पण त्याच्याशिवाय चालत नाही.

महाराष्ट्रात विजेचे दिवे गावोगाव पोहोचण्याआधी वरात, तमाशाचा फड, रात्रीचं भजन, बाजारातली मासळीची पाटी या सगळ्यांवर ज्या पेट्रोमॅक्सचा उजेड पडायचा, त्याच्या पोटात हेच मेंटल होतं. नवीन मेंटल बांधून एकदा जाळून घेतलं की त्याला बोट लावायची सोय नसे. लावलं की राख. कारण तेव्हा ते कापड उरलेलंच नसे, तो फक्त ऑक्साइडचा सांगाडा असे.

यात एक गोम होती. थोरियम किरणोत्सारी आहे. दिवा लावून बसणाऱ्याला त्याचा धोका कमी, पण मेंटलच्या कारखान्यात रोज ती धूळ श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांसाठी तो प्रश्न खरा होता. १९९० च्या दशकात अनेक देशांमध्ये उत्पादक थोरियम सोडून इट्रियमकडे वळले.

वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये आणखी एक पेटंट घेतलं: सेरियम आणि लोखंडाच्या मिश्रधातूचं. घासलं की ठिणगी. सिगारेटच्या लायटरमध्ये चाकाखाली असणारा तो छोटा खडा आजही याच मिश्रधातूचा असतो.

काथ्याला चिकटलेली वाळू

मेंटलची मागणी वाढली तशी थोरियम आणि सेरियम देणाऱ्या मोनाझाइट या खनिजाची शोधाशोध सुरू झाली. सुरुवातीला ते मुख्यतः ब्राझीलच्या किनाऱ्यावरून येई. १९०९ मध्ये सी. डब्ल्यू. शोंबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळलं. त्या वाळूचा माग काढत तो दक्षिण भारताच्या किनाऱ्यावर पोहोचला आणि मनवलकुरिची इथे खनिज वेगळं करण्याचा उद्योग उभा राहिला. हे गाव आज तमिळनाडूत आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. थोरियम अणुऊर्जेच्या दृष्टीने महत्त्वाचं असल्याने कच्चं मोनाझाइट बाहेर पाठवण्याऐवजी ते देशातच शुद्ध करायचं ठरलं. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. १९५२ मध्ये केरळमधल्या आलुवा इथे तिचा कारखाना सुरू झाला. १९५५ मध्ये मुंबईतल्या ट्रॉम्बे इथे थोरियमचा प्रकल्प सुरू झाला. तिथे तयार होणारं थोरियम नायट्रेट गॅसबत्तीच्या मेंटलसाठीही जात असे. आज आयआरईएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सरकारी कंपनीचं मुख्यालय मुंबईतच आहे.

वाळूपासून नायट्रेटपर्यंतचा प्रवास साधारण असा: काळसर वाळूतून मोनाझाइट वेगळं करतात. कॉस्टिक सोड्यासोबत तापवून त्यातलं फॉस्फेट काढून टाकतात. उरलेले हायड्रॉक्साइड आम्लात विरघळवून थोरियम आणि रेअर अर्थ वेगळे करतात. मग सेरियम बाजूला काढून त्याचा कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड बनवतात. तो नायट्रिक आम्लात विरघळवला आणि द्रावण आटवलं की मिळतात सेरियम नायट्रेटचे स्फटिक.

भाजलेल्या जखमेवर सेरियम?

या क्षाराचा सगळ्यात अनपेक्षित उपयोग दवाखान्यात आहे.

माणूस खोलवर भाजतो तेव्हा प्रश्न फक्त त्वचेचा नसतो. मेलेली त्वचा जिवाणूंसाठी आयतं अन्न ठरते. शिवाय उष्णतेने त्वचेतले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं एकमेकांना जोडली जाऊन त्यांचं विषारी मिश्रण तयार होतं आणि ते शरीराची प्रतिकारशक्ती खाली आणतं, असं काही संशोधकांचं म्हणणं आहे. म्हणून शक्य असेल तिथे डॉक्टर मेलेली त्वचा लवकर कापून काढतात आणि त्यावर त्वचारोपण करतात. पण रुग्ण फार वृद्ध असेल, शरीराचा फार मोठा भाग भाजलेला असेल किंवा एकाच वेळी अनेक जण भाजून आले असतील, तर लगेच शस्त्रक्रिया करणं शक्य होतंच असं नाही. अशा वेळी गरज असते ती वेळ मिळवण्याची.

१९७६ मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक विल्यम मोनाफो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या भाजलेल्या जखमांवर सेरियम नायट्रेट वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे त्याची जोडी सिल्व्हर सल्फाडायझिनशी जमली. भारतात भाजल्यावर लावायचं पांढरं मलम म्हणून ज्याची ओळख आहे, ते हेच औषध. १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन आणि २.२ टक्के सेरियम नायट्रेट असलेलं मलम युरोपातल्या काही देशांत वापरलं जातं.

ते करतं काय? सेरियमचा आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाच्या जवळपास असतो. मेलेल्या त्वचेत तो शिरला की तिथे कॅल्शियमचे क्षार साचू लागतात आणि ती त्वचा चामड्यासारखी कडक, कोरडी आणि घट्ट होते. जखमेवर जणू झाकण बसतं. जिवाणूंना आत शिरणं अवघड होतं आणि विषारी मिश्रण जागच्या जागी अडकून राहतं, अशी त्यामागची कल्पना. शल्यचिकित्सकाला काही दिवस किंवा आठवडे मिळतात आणि त्वचारोपण टप्प्याटप्प्याने करता येतं.

मात्र हा रामबाण नाही. वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत आणि सगळ्या बर्न्स केंद्रांमध्ये ते वापरलंही जात नाही. त्यात एक ओळखीचा धोकाही आहे. जखमेतले काही जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते रक्तात गेलं तर हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी होते आणि रुग्णाचे ओठ, नखं निळी पडू शकतात. म्हणून हे मलम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट असायला हवी: प्रयोगशाळेतलं सेरियम नायट्रेट म्हणजे औषध नाही. ते जखमेवर लावणं धोक्याचं आहे. घरात कुणी भाजलं तर पहिलं काम म्हणजे भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटं धरणं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यातलं काहीही लावू नका. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढा, स्वच्छ कापड सैलसर झाका आणि दवाखाना गाठा.

गाडीच्या धुरात, विमानाच्या पत्र्यावर

पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला एकाच वेळी दोन उलटी कामं करायची असतात. कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन द्यायचा आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडकडून ऑक्सिजन काढून घ्यायचा. ही कामं प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे महागडे धातू करतात. पण गाडी चालताना धुरातला ऑक्सिजन सतत कमी-जास्त होत असतो. तो सांभाळतो सेरियम ऑक्साइड. ऑक्सिजन जास्त असेल तेव्हा साठवतो आणि सेरियम चारवर जातं, कमी पडला की सोडतो आणि सेरियम तीनवर येतं. मघाचाच एका इलेक्ट्रॉनचा व्यवहार, सेकंदागणिक चालू. कन्व्हर्टरमधल्या सिरॅमिकच्या जाळीवर द्यायच्या लेपासाठी लागणारा हा ऑक्साइड बनवताना सेरियम नायट्रेटचं द्रावण हा एक नेहमीचा कच्चा माल आहे.

दुसरं काम गंज रोखण्याचं. विमानात वापरले जाणारे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू गंजू नयेत म्हणून वर्षानुवर्षं क्रोमेटचा वापर झाला. पण त्यातलं अधिक सहा अवस्थेतलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. पर्याय शोधताना १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सेरियमच्या क्षारांवर महत्त्वाचं काम केलं. गंज सुरू होतो तिथे धातूच्या पृष्ठभागावरचे काही ठिपके अल्कधर्मी बनतात. द्रावणातलं सेरियम नेमकं त्याच ठिपक्यांवर हायड्रॉक्साइड होऊन बसतं आणि गंजाची वाट अडवतं. म्हणजे जिथे दुखतं तिथेच पट्टी.

मोबाइलची स्क्रीन, चष्म्याची काच, कॅमेऱ्याची भिंगं घासून गुळगुळीत करण्यासाठीही सेरियम ऑक्साइडची पूड वापरतात. तिथे मात्र ती बहुतेक वेळा कार्बोनेटपासून बनवली जाते. सगळं श्रेय नायट्रेटला देता येणार नाही.

नारिंगी भावंड: सेरिक अमोनियम नायट्रेट

विज्ञान शाखेतून बारावी किंवा बीएस्सी केलेल्यांना हे नाव आठवेल. अज्ञात द्रवात या नारिंगी क्षाराच्या द्रावणाचे थेंब टाकायचे, रंग लाल झाला की अल्कोहोल असल्याचं लिहायचं. यात सेरियम अधिक चार अवस्थेत असतं आणि त्याच्याभोवती सहा नायट्रेट असतात. प्रत्येक नायट्रेट दोन-दोन ऑक्सिजनने त्याला धरतं, म्हणजे एका सेरियमला बारा ऑक्सिजनचा वेढा.

चारवर असलेल्या सेरियमला एक इलेक्ट्रॉन परत हवा असतो आणि तो समोरच्या रेणूकडून ओढून घेतो. म्हणून औषधं आणि इतर सेंद्रिय संयुगं बनवताना रसायनशास्त्रज्ञ हा क्षार ऑक्सिडीकारक म्हणून वापरतात. चिप आणि डिस्प्लेच्या उद्योगात क्रोमियमचा पातळ थर हव्या त्या नक्षीत विरघळवून काढायलाही तो लागतो.

धोका किती?

सेरियम नायट्रेट स्वतः पेटत नाही, पण आगीला ऑक्सिजन पुरवतं. कागद, लाकडाचा भुसा, कापड, तेल यांच्या संपर्कात ते साठवणं म्हणजे आगीला आमंत्रण. डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होऊ शकते. पाण्यातल्या जिवांसाठी ते घातक आहे, म्हणून उरलेलं द्रावण थेट बेसिनमध्ये ओतत नाहीत. तापवताना निघणारे तपकिरी वायू फुप्फुसांना अपाय करतात, त्यामुळे हे काम फ्यूम हुडखालीच करतात. शुद्ध सेरियम नायट्रेटच्या किरणोत्साराची मात्र काळजी नसते. तो प्रश्न मोनाझाइटमधल्या थोरियमचा आहे, आणि ते शुद्धीकरणात वेगळं काढलं जातं.

मग भारतासाठी याचं महत्त्व काय?

अणुऊर्जा विभागाने २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट आहे. ते ज्या राज्यांमध्ये आढळलं त्यात आंध्र प्रदेश, ओडिशा, तमिळनाडू, केरळ, पश्चिम बंगाल, झारखंड आणि गुजरातसोबत महाराष्ट्राचंही नाव आहे.

सगळ्यांचं लक्ष आहे ते यातल्या निओडिमियमकडे, कारण चुंबक. पण निसर्ग सुटं विकत नाही. मोनाझाइटमधल्या रेअर अर्थमध्ये सगळ्यात मोठा वाटा सेरियमचा, जवळपास निम्मा. चुंबकासाठी निओडिमियम काढायला गेलं की त्याच्या दुपटीहून जास्त सेरियम आपोआप हातात येतं, मग ते हवं असो वा नसो. या उद्योगात याला 'समतोलाचा प्रश्न' म्हणतात. एका मूलद्रव्याची टंचाई आणि त्याच खाणीतल्या दुसऱ्याचा ढीग.

चुंबकांच्या शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक देशाला या ढिगाचं काय करायचं ते ठरवावं लागतं. स्वस्तात विकायचा, साठवून ठेवायचा की त्यापासून जास्त किमतीच्या वस्तू बनवायच्या? गाड्यांसाठी उत्प्रेरक, क्रोमेटविरहित गंजरोधक, काच आणि चिप घासायची बारीक पूड हे पर्याय समोर आहेतच. खाणीचा खर्च जितका सेरियममधून वसूल होईल, तितकं निओडिमियम स्वस्त पडेल.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्रावणकोरची वाळू जहाजात भरून जात होती आणि मेंटल बनून परत येत होती. वाळू असणं आणि वाळूतून वस्तू बनवता येणं यातलं अंतर तेव्हाही मोठं होतं. सेरियमच्या बाबतीत ते अंतर कापताना वाटेत एक स्टेशन हमखास लागतं: आम्लात विरघळलेलं, आटवून स्फटिक केलेलं, ओल शोषून घेणारं हे पांढरं नायट्रेट.